नवं-जुनं

मी नोकरीत नेमकं काय करते, हे आप्पांना समजावून सांगायला मला दोन महिने लागले. 2009 चा पावसाळा होता. हिंजवडीत एका कंपनीत मी रात्रपाळीला लागले होते आणि आईने गावात 'पोरगी अमेरिकेच्या बँकेत आहे' असं सांगून टाकलं होतं. आप्पांचं तेवढ्यावर समाधान होणार नव्हतं. ते विकास सोसायटीचे गटसचिव. इंदापूर तालुक्यातल्या तीन सोसायट्यांची दप्तरं त्यांनी आयुष्यभर सांभाळलेली. कर्ज म्हटलं की त्यांचे प्रश्न ठरलेले: तारण काय, बोजा कुणाचा, थकबाकी किती.

एका रविवारी गावी गेले तेव्हा मी पुन्हा प्रयत्न केला. लोकांनी घरासाठी साडेसहा टक्क्यांनी कर्ज काढलंय, आता व्याज पाच टक्क्यांवर आलंय, तर नवं कर्ज काढून त्यातून जुनं फेडायचं. घर तेच, माणूस तोच, कित्येकदा बँकसुद्धा तीच. त्या कर्जाची फाइल आम्ही इकडे बसून तयार करतो.

आप्पांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी नवं-जुनंच की."

मी हसले, पण त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे मार्चअखेरीला सोसायटीच्या ओट्यावर जे चालतं तेच हे. शेतकरी जुन्या पीककर्जाचा भरणा करतो आणि लगेच नवं कर्ज उचलतो. भरण्याचे पैसे बहुतेक वेळा त्याच्याकडे नसतातच. दोन दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने आणतो, वर काहीतरी देतो, आणि नवं कर्ज हातात पडलं की त्याचं त्याला परत करतो. कागदावर माणूस थकबाकीत जात नाही. लहानपणी 31 मार्चला आप्पा रात्री अकराला घरी येत. उशीर कशाने झाला विचारलं की म्हणत, "पावत्या राहिल्या होत्या." ज्याने दुपारी जुनं भरून संध्याकाळी नवं उचललं, त्यालाही जुन्याची पावती हातात दिल्याशिवाय ते दप्तर बांधत नसत.

आमचं काम चालायचं ते अमेरिकेतल्या फिनिक्सच्या वेळेने. फिनिक्स आणि पुणे यांच्यात साडेबारा तासांचं अंतर. ॲरिझोनात घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्याला मागंपुढं करत नाहीत, त्यामुळे आमच्या टेबलाला हा हिशेब बारमाही सोपा होता. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. बारा जणांच्या आमच्या टीमकडे ॲरिझोना आणि नेवाडा ही दोन राज्यं होती. कंपनी पुण्यातली, पण कर्ज देणारी संस्था तिकडची. फोनवर बोलणारी माणसंही तिकडचीच. आमच्या वाट्याला फक्त कागद. ते स्कॅन होऊन येत: कर्जाचा अर्ज, पगाराच्या चिठ्ठ्या, वर्षभराच्या पगाराचा डब्ल्यू-टू दाखला, करखात्याकडून उतारा मागवण्याचा सहीचा फॉर्म, घराच्या विम्याचं पान, टायटलचा अहवाल. एका स्क्रीनवर कागद, दुसऱ्यावर यादी. जुळलं की खूण, नाही जुळलं की 'कंडिशन'. फ्लोअरवर कागद-पेन न्यायला बंदी होती, प्रत्येकाला एक छोटा पांढरा बोर्ड आणि पुसणं. सुटताना बोर्ड कोरा आहे की नाही हे गार्ड बघायचा. त्यामुळे पुढे जे आकडे देणार आहे ते आठवणीतले आहेत, आणि मुद्दाम थोडे इकडचे तिकडे केलेले आहेत.

ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात ट्रेनरने बोर्डावर लिहिलं: अंडरवॉटर. ज्या घराची किंमत त्यावरच्या कर्जापेक्षा खाली गेली आहे, ते घर पाण्याखाली. सगळ्यांनी लिहून घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर पळसदेव आलं. आईचं आजोळ तिथलं. उजनीच्या पाण्यात जुनं गाव गेलं आणि उन्हाळ्यात धरण आटलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, मग सोलापूर रस्त्यावरून जाणारी माणसं गाड्या थांबवून फोटो काढतात. पाण्याखालचं घर म्हटल्यावर मला दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. आजीच्या माहेरच्या घराची किंमत ठरवायला सरकारी माणूस आला होता, त्याने दगड वेगळा लावला आणि लाकूड वेगळं, असं ती सांगायची. रकमेपेक्षा तिला त्याचाच राग जास्त होता.

टीममध्ये आम्ही या फाइलींना 'बुडीत' म्हणायला लागलो आणि महिन्याभरात मीच तो शब्द टाकून दिला. आपल्याकडे बुडीत कर्ज म्हणजे न फेडलेलं. यातलं एकही कर्ज तसं नव्हतं. हे लोक दर महिन्याच्या एक तारखेला हप्ता भरत होते. बुडालेली होती ती किंमत.

योजनेचं नाव हार्प. 18 फेब्रुवारी 2009 ला ओबामांनी फिनिक्सशेजारच्या मेसा गावात तिच्यासह सगळ्या घरकर्ज-मदतीची घोषणा केली आणि मार्चमध्ये ती सुरू झाली. गाभा साधा होता. अमेरिकेत बँक घरासाठी कर्ज देते आणि पुष्कळदा ते लगेच विकून टाकते. विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था, फॅनी मे आणि फ्रेडी मॅक. सप्टेंबर 2008 मध्ये त्या दोघी कोसळायला आल्या तेव्हा सरकारने त्या ताब्यात घेतल्या. म्हणजे त्यांच्याकडच्या कर्जांची जोखीम तशीही सरकारच्या डोक्यावर आलेलीच होती. मग त्याच माणसाचं तेच कर्ज कमी व्याजाने करून दिलं तर जोखीम वाढत नाही. उलट हप्ता कमी झाला तर तो बुडण्याची शक्यता घटते. एरवी घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त कर्ज असलं की नवं कर्ज मिळणं अवघड, मिळालं तर वेगळा विमा काढावा लागतो. हार्पमध्ये ही मर्यादा 105 टक्क्यांपर्यंत वाढवली, जुलै 2009 मध्ये 125 पर्यंत. मी लागले तेव्हा 125 होती.

अटी दोन-तीनच, पण पक्क्या. कर्ज फॅनी किंवा फ्रेडीकडे असलं पाहिजे. अलीकडचे हप्ते वेळेवर भरलेले असले पाहिजेत. आणि त्या संस्थेने ते कर्ज 31 मे 2009 पर्यंत विकत घेतलेलं असलं पाहिजे. या तिसऱ्या अटीने मला जितका मनस्ताप दिला तितका कुठल्याच कागदाने दिला नाही. तारीख कर्ज घेतल्याची नव्हती, ते विकलं गेल्याची होती. एका माणसाने एप्रिलअखेर सही केली, त्याच्या बँकेने गठ्ठा बांधायला वेळ लावला, विक्री जूनमध्ये नोंदली गेली. तो बाहेर. आपलं कर्ज कधी विकलं गेलं हे त्या माणसाला ठाऊकही नसायचं. ज्यांची कर्जं या दोघींकडे कधी गेलीच नाहीत, वॉल स्ट्रीटच्या खाजगी गठ्ठ्यांत बांधली गेली, त्यांची तर फाइल आमच्यापर्यंत पोचायचीच नाही. शेजारशेजारची दोन घरं, एकाच आराखड्याची, एकाच वर्षी घेतलेली. एकाला मिळतंय आणि दुसऱ्याला नाही, एवढ्याच कारणाने.

आता त्या एका फाइलबद्दल. लोन नंबरचे शेवटचे चार आकडे होते तेवढंच मी तिचं नाव ठेवलं होतं, तेही इथे देत नाही. फिनिक्सच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातलं घर. नवरा शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक, बायको औषधाच्या दुकानात मदतनीस. 2006 च्या उन्हाळ्यात साडेतीन लाख डॉलरला घेतलेलं. तेव्हा 'ऐंशी-दहा-दहा' नावाचा प्रकार फार चालायचा: ऐंशी टक्के एका बँकेचं मुख्य कर्ज, दहा टक्के दुसऱ्या बँकेचं, दहा टक्के स्वतःचे. ऐंशीच्या वर गेलं की विमा काढावा लागतो, तो चुकवायची ही पळवाट. त्यांचं मुख्य कर्ज 2 लाख 80 हजार, साडेसहा टक्के, तीस वर्षं, हप्ता 1,770 डॉलर.

2010 मध्ये फाइल पहिल्यांदा माझ्याकडे आली. चार वर्षं हप्ते भरून कर्ज 2 लाख 66 हजारांवर आलं होतं. संगणकाने घराची किंमत सांगितली: 1 लाख 58 हजार. घर न बघता, आजूबाजूच्या विक्रीवरून. त्या आजूबाजूच्या विक्रीत निम्मी घरं जप्तीची होती. मी भागाकार केला, 168 टक्के. 125 ची रेघ तिथून बरीच खाली राहिली.

फाइलमध्ये एक हाताने लिहिलेलं पत्र होतं. आमच्या भाषेत 'लेटर ऑफ एक्स्प्लनेशन'. कर्जाच्या इतिहासात काही वावगं दिसलं की त्याचा खुलासा ग्राहकाने स्वतः लिहून द्यायचा. त्यांचा आठ महिन्यांपूर्वीचा एक हप्ता महिन्याहून जास्त रखडला होता. नवऱ्याने लिहिलं होतं की आईला न्यू मेक्सिकोत दवाखान्यात ठेवलं होतं, तो पाच आठवडे तिकडेच होता. चेक लिहिलेला होता, पाकिटाला तिकीट लावलेलं होतं, टाकायचा म्हणून ट्रकच्या कप्प्यात ठेवला आणि तो तिथेच राहिला. आई गेल्याचं एका ओळीत होतं, आणि पाकिटाबद्दल चार ओळी. शेवटी लिहिलं होतं की याआधी असं कधी झालं नाही, हवं तर तपासा. मी तपासलं. खरंच झालं नव्हतं. तो एकच हप्ता, आणि पत्राची गरजसुद्धा टक्केवारी जमली असती तरच होती.

नकाराचं पत्र तीस दिवसांत जावं लागतं आणि त्यात कारण लिहावं लागतं. कारणांची छापील यादी असते, त्यातल्या एका ओळीवर खूण करायची. मी खूण केली: तारणाचे मूल्य अपुरे. त्या ओळीत घरासाठी जो शब्द होता तो वाचून मला पुन्हा आजीचा दगड-लाकडाचा हिशेब आठवला. पुढची फाइल उघडली. दिवसाला ठरलेला आकडा असायचा.

अशा नकारांची इतकी सवय झाली की त्या दोन वर्षांत आम्ही योजनेची चेष्टाच करायचो. सुरुवातीला चाळीस ते पन्नास लाख घरांना मदत होईल असं सांगितलं गेलं होतं. ऑगस्ट 2011 अखेर झालेली कर्जं नऊ लाखांच्याही थोडी आत होती. एकीकडे देशभरात एक कोटीहून जास्त घरं पाण्याखाली. नेवाडात तर कर्ज असलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त. जी सगळ्यांत खोल होती तीच 125 च्या पलीकडे होती. गुडघाभर पाण्यात उभा असलेल्यालाच दोर टाकायचा, असा काहीसा तो नियम होता.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टक्केवारी ऐकून घेतली आणि विचारलं, "पण थकीत नाही ना तो?"

"नाही."

"मग हरकत कशाची?"

त्यांचं म्हणणं मी आज तरी पूर्ण खोडू शकत नाही. सोसायटीत पीककर्ज देताना सातबारावर इकरार चढतो खरा, पण जमिनीचा भाव काय चाललाय असं कुणी दर मार्चला विचारत नाही. माणूस थकबाकीदार आहे की नाही, एवढंच बघतात. अर्थात त्या पद्धतीतही काय काय मुरतं हे आप्पांइतकं कुणाला माहीत नव्हतं. दरवर्षी नवं-जुनं करत वीस वर्षं एक रुपया मुद्दल न फेडलेली माणसं त्यांच्या खतावणीत होती.

2008 ची कर्जमाफी त्यांच्या मनातून कधी गेली नाही. केंद्राच्या बजेटमध्ये घोषणा झाली. 31 डिसेंबर 2007 ला जो थकलेला होता त्याला माफी. दोन हेक्टरपर्यंतवाल्याला पूर्ण, त्यावरच्याला एकरकमी भरलं तर पंचवीस टक्के सूट. त्या मार्चमध्ये सोसायटीच्या ओट्यावर रोज भांडणं झाली. ज्यांनी बायकोचे दागिने मोडून, हातउसने करून डिसेंबरच्या आत भरणा केला होता, ते येऊन आप्पांना विचारायचे, आम्ही काय पाप केलं? आप्पांनीच त्यांना मागे लागून भरायला लावलेलं. एकजण म्हणाला, "सचिव, तुमच्या नादाला लागलो म्हणून नागवलो." आप्पांनी ते वाक्य घरी येऊन एकदाच सांगितलं, पण तेव्हापासून वसुलीसाठी कुणाच्या दारात जाताना त्यांचा आवाज खाली आला.

तिकडेही हाच भडका उडाला होता. ओबामांच्या घोषणेच्या दुसऱ्या दिवशी, 19 फेब्रुवारीला, रिक सँटेली नावाच्या टीव्ही वार्ताहराने शिकागोच्या वायदेबाजारातून तोंड सोडलं: शेजाऱ्याच्या कर्जाचा हप्ता आम्ही का भरायचा? टी पार्टी नावाच्या चळवळीची ठिणगी म्हणून पुढे लोक त्याच दिवसाचं नाव घेऊ लागले. गंमत अशी की हार्पमध्ये शेजाऱ्याचा हप्ता कुणी भरतच नव्हतं. ती तर न थकलेल्यांसाठीच होती. थकलेल्यांसाठी हॅम्प नावाची दुसरी योजना होती, तिच्यात हप्ता उत्पन्नाच्या 31 टक्क्यांवर आणून द्यायचे, आणि तिच्या फाइली दुसऱ्या मजल्यावर जायच्या. तिथल्या मुली सांगायच्या की ग्राहक विचारतात, दोन हप्ते चुकवले तर आमची फाइल तुमच्याकडे येईल का? असं विचारायला फोनवर कुणी शिकवलं होतं ते देव जाणे. माझ्या 168 टक्केवाल्याने तसं काही केलं नाही. नकारानंतर तो महिन्याच्या एक तारखेला 1,770 भरत राहिला.

का भरत राहिला, हा आमच्या टेबलावरचा कायमचा विषय. ॲरिझोनात राहत्या छोट्या घराचा लिलाव झाला की उरलेल्या रकमेसाठी मुख्य कर्जाची बँक माणसाच्या पाठीस लागू शकत नाही, ठरावीक अटींत का होईना. म्हणजे किल्ल्या पाकिटात घालून बँकेला पाठवायच्या आणि भाड्याच्या घरात जायचं. पुष्कळांनी ते केलं, पाकिटातल्या किल्ल्यांच्या आवाजावरून त्याला नावसुद्धा पडलं होतं. क्रेडिट स्कोअर सात वर्षं खराब होतो, पण निम्म्या किमतीच्या घरासाठी दुप्पट फेडण्यापेक्षा ते स्वस्त. नागपूरकडचा आमचा एक सहकारी हिशेबाने पक्का होता, त्याने पांढऱ्या बोर्डावर आकडेमोड करून सिद्धच करून दाखवलं की भरणारा माणूस वेडा आहे. कुणी वाद घातला नाही. मग जेवणाच्या सुट्टीत, रात्री दीडला, डबे उघडल्यावर त्यानेच विचारलं, "पण पोरांची शाळा तिथेच असेल ना?"

आपल्याकडे हा हिशेब करायची सोयच नाही. किल्ल्या दिल्या तरी उरलेलं कर्ज माणसाच्या मागे येतं, जामीनदाराच्याही येतं.

24 ऑक्टोबर 2011 ला ओबामा लास व्हेगासला गेले आणि 125 ची रेघ पुसली. स्थिर व्याजाच्या नव्या कर्जाला वरची मर्यादाच नाही. दुसरा बदल बातमीत खाली होता, पण आमच्या दृष्टीने तोच मोठा. तोवर नवं कर्ज करणाऱ्या बँकेला जुन्या कर्जाच्या कागदांचीही हमी द्यावी लागत होती. 2006 मध्ये कुणीतरी पगार फुगवून लिहिला असेल तर 2011 मध्ये नवं करणाऱ्याच्या गळ्यात ते कर्ज परत यायचं. दुसऱ्याचं पाप कोण अंगावर घेणार? म्हणून 110 टक्केवाल्यांनाही बँका टाळत होत्या. ती हमी बऱ्याच अंशी काढून टाकली. मार्च 2012 मध्ये फॅनीच्या संगणक प्रणालीत बदल झाला आणि आमच्यावर फाइली कोसळल्या. शनिवारही गेले. त्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त हार्प कर्जं झाली.

एप्रिलमध्ये ती फाइल परत आली. नंबर मी लगेच ओळखला. कर्ज 2 लाख 57 हजार 800, संगणकाची किंमत 1 लाख 28 हजार. 201 टक्के. दोन वर्षांत ती आणखी खोल गेली होती आणि आता चालत होती. इतिहास पाहिला, चोवीसच्या चोवीस हप्ते वेळेवर.

क्लोजिंगचा, म्हणजे सह्या होऊन कर्ज पक्कं करण्याचा, खर्च धरून नवं कर्ज 2 लाख 61 हजारांचं होणार होतं, चार टक्क्यांनी. तीस वर्षांना हप्ता 1,246 डॉलर, म्हणजे महिन्याला सव्वापाचशे वाचत होते. जवळजवळ सगळे हेच घ्यायचे, आणि घ्यावंच, घरात पैसा खेळला पाहिजे. पण तीस वर्षं नव्याने सुरू होतात, भरलेली सहा वर्षं वाऱ्यावर. यांनी वीस वर्षं घेतली. हप्ता 1,582. वाचले फक्त 188, पण कर्ज जुन्याच्या चार वर्षं आधी, 2032 मध्ये संपणार. वीस किंवा कमी वर्षांच्या कर्जावर जोखमीचं जादा शुल्कही नव्हतं. सरकारची इच्छा हीच होती की मुद्दल भराभर फिटून लोक लवकर पाण्याबाहेर यावेत. मुद्दलच थोडं माफ करा, अशी मागणी तेव्हा जोरात होती. फॅनी-फ्रेडीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे प्रमुख एडवर्ड डिमार्को यांनी जुलै 2012 अखेर ती साफ नाकारली. आप्पांना मी वीस वर्षांचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या खतावणीत असा एक असता तर मी त्याला हार घातला असता."

आता माझी चूक. दुसऱ्या बँकेचा तो दहा टक्क्यांचा बोजा अजून घरावर होता. पहिलं कर्ज फिटलं की नियमाने दुसरा बोजा पहिल्या नंबरवर येतो आणि नवं कर्ज त्याच्या मागे जातं. नवी बँक मागे उभी राहत नाही. म्हणून दुसऱ्या बँकेकडून लिहून घ्यावं लागतं की आम्ही होतो तिथेच राहू. ते संमतिपत्र मागवायचं काम माझं होतं. मी मागवलं, पण रक्कम लिहिली जुन्या बाकीची, 2 लाख 57 हजार 800. खर्च धरून 2 लाख 61 हजार लिहायला हवे होते. दुसऱ्या बँकेने पाच आठवड्यांनी पत्र दिलं, 'या रकमेपेक्षा जास्त नाही' अशा शब्दांत. क्लोजिंगच्या चार दिवस आधी तिकडच्या अंडररायटरला ते दिसलं.

पुन्हा अर्ज, पुन्हा रांग. व्याजाचा दर साठ दिवसांसाठी बांधलेला होता, तो संपत आला. मुदत वाढवायला शुल्क पडतं आणि चूक आमची म्हणून ते आमच्याकडे लागलं. टीम लीडरने मला आत बोलावलं, ओरडला नाही, फक्त रक्कम असलेली मेल दाखवली. मला त्या शुल्कापेक्षा वेगळीच धास्ती होती. दुसरी बँक आता नाही म्हणाली तर? दोनदा नाही ऐकलेल्या माणसाच्या कारणांच्या यादीत खूण कुठे करायची? 'प्रोसेसरने आकडा चुकवला' अशी ओळ त्या यादीत नव्हती. तीन आठवडे मी शिफ्ट सुरू झाली की पहिल्यांदा तीच फाइल उघडायचे. पत्र आलं, रक्कम बरोबर होती, मी ती चार वेळा वाचली.

जुलैमध्ये सह्या झाल्या. नवी संस्था असल्यामुळे तीन दिवस ग्राहकाला मन बदलायची मुभा असते, ते तीन दिवस गेले, पैसे पोचले, फाइल माझ्या यादीतून नाहीशी झाली.

पुढच्या वर्षी आम्ही मोशीत फ्लॅट घेतला आणि मग माझ्याच मागे 'बॅलन्स ट्रान्सफर' करा म्हणून फोन यायला लागले. आपलं व्याज बदलतं, त्यामुळे कमी झालं की आपोआप मिळायला हवं. नव्या गिऱ्हाइकाला मिळायचं, जुन्याला मागायला जावं लागायचं, हे मला तेव्हा कळलं. बदलत्या व्याजाच्या घरकर्जावरचा मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने 2012 मध्ये बंद केला होता, एवढं एक बरं. मी एकदा केलं नवं-जुनं. फाइल स्वतःच लावून नेली. बँकेतला पोरगा म्हणाला, मॅडम एवढी व्यवस्थित फाइल कुणी आणत नाही.

हार्प 2018 च्या अखेरीला बंद झाली तेव्हा मी ते काम सोडून चार वर्षं झाली होती. एकूण सुमारे पस्तीस लाख कर्जं झाली तिच्यातून. बातमी आली तेव्हा आप्पा निवृत्त होते, त्यांना मी फोनवर सांगितलं, पण त्यांना आठवत होता तो आकडा एकच, 201.

त्याचं कारण आधी सांगायला हवं होतं. 2012 च्या ऑगस्टमध्ये मी त्यांना कळवलं होतं की त्या मेकॅनिकचं झालं एकदाचं. आप्पा खूश होतील असं वाटलं. ते म्हणाले, "पैसे पोचले ते ठीक. जुना बोजा उतरला का?"

मी म्हटलं ते आमच्याकडे येत नाही, जुनी बँक नोंद करते.

"करते का बघितलंस?"

नव्हतं बघितलं. त्या काळात बँकांनी न वाचता हजारो कागदांवर सह्या मारल्याचं प्रकरण गाजत होतं, कुणाचा बोजा कुणाच्या नावावर याचा ताळमेळ नव्हता, आणि मला हे सुचलं नाही, ते ओट्यावरच्या माणसाला सुचलं. त्या रात्री शिफ्टमध्ये मी फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीच्या नोंदणी कार्यालयाची वेबसाइट उघडली. टायटल तपासायला ती आम्हाला सुरू असायची. जुनी नोंद सापडली, 2006 ची. नवी सापडली, जुलैची. जुनी उतरल्याची नव्हती. दुसऱ्या आठवड्यात बघितलं, नव्हती. सप्टेंबरच्या मध्यावर एका पहाटे, तिथली दुपार, ती यादीत दिसली. एक पान. जुन्या बँकेचा शिक्का, सही, नोंदीचा नंबर.

सुटल्यावर कॅबमधून फोन लावला. आप्पा उसाला पाणी द्यायला गेलेले, रात्रीची लाइट होती त्या आठवड्यात, मागे मोटारीचा आवाज.

"उतरला," मी म्हणाले.

"तारीख बघितली?"

मी तारीख सांगितली. त्यांनी ती परत एकदा म्हणून घेतली, लिहून घ्यायला काही नसलं की ते तसं करत, आणि बारं मोडायचंय म्हणून फोन ठेवला.